सुटी अक्षरं

तुर्भ्याच्या एमआयडीसीत माझा गाळा.
मी अक्षरं विकतो. नगावर.
नऊ इंची अक्रिलिक, आत एलईडी,
शब्द कुठलाही असो, दर तोच.
मराठीत काना-मात्रेचे वेगळे लावले
की भांडणं होतात.
इंग्रजी बरी, मोजली की झालं.

कोपरखैरण्याचा एक दवाखाना बंद झाला
तेव्हा उतरवलेली पाटी माझ्याकडेच परत आली.
हार्ट केअर.
केअर आठवड्यात गेलं, मोबाइलवाल्यानं नेलं.
हार्ट गोणीत पडून.
कोण घेणार?
त्या पाटीखालून मी एकदा आत गेलो होतो,
हातात आईचे रिपोर्ट.
ते असो.

नेरूळला हायटेन्शनच्या तारांखाली
ओळीनं नर्सऱ्या आहेत, त्यांतली एक हेमांगी मढवींची.
वर तारा गुणगुणतात,
खाली कुंड्या, कोकोपीट, शेणखताच्या पिशव्या.
आल्या आणि म्हणाल्या, पाच अक्षरांचे पैसे आहेत.
मराठी नाव भाच्यानं रंगवून दिलंय, गावदेवी.
टॉवरवाले गाडीतूनच वाचत जातात,
त्यांच्यासाठी इंग्रजी एखादं.
जुनं असलं तरी चालेल.

गोणी फरशीवर ओतली.
एच, ई, ए, आर, टी.
चैत्राली, माझी मुलगी, अकरावीत,
हिशेबाच्या वहीमागे मांडायला बसली.
इअर निघाला, म्हणजे कान.
टी निघाला, पिण्याचा.
हॅट, रॅट, ईट, आर्ट,
हार्टच्या पोटात बाजारच भरलेला.
मी म्हटलं, तसं नको.
पाचही खपली पाहिजेत.
एकटा एच मागे राहिला
तर त्याला गिऱ्हाईक कुठून आणू?

ती गप्प. पेन्सिल चावत राहिली.
पाचांत पाच, पहिला निघाला हेटर.
मढवीबाईंनी त्याचं मराठी विचारलं, आणि हसल्या,
"शेजारच्या नर्सरीवर लावा तो."
हार्ट तर होतंच, उतरवलं तसं.
मग चैत्रालीनं पुढचा एच उचलला
आणि शेवटी नेऊन ठेवला.
बाकी कुणाला हात लावला नाही.
"अर्थ," तिनं वाचलं.
"कशाचा अर्थ?"
"अर्थ म्हणजे पृथ्वी. माती."
"मग माती म्हण की गं.
ती तर मी तीस रुपये पिशवी विकते."

रविवारी लावायला गेलो.
दवाखान्यावर एच कडेला होता, छज्जाबाहेर,
सहा वर्षं दुपारचं ऊन एकट्यावर.
चौघं लाल, तो गुलाबी पडलेला.
कुणी नीट पाहिलं तर कळेल
की हा मूळचा शेवटचा नाही.

वायरमन शिडीवरून ओरडला,
"अर्थ कुठाय? अर्थ दिल्याशिवाय
मी लाइट देणार नाही."
बाईंनी पाटीकडे बोट केलं.
"ते नव्हे हो, हिरवी वायर!"
तेव्हा त्यांनी त्याच्या हातात खुरपं दिलं,
कण्हेरीमागची ओली जागा दाखवली,
"इथे पूर. रोज पाणी असतं."

दिवाळी होऊन गेल्यावर फोन आला,
शेवटचं अक्षर विझलंय.
येतो म्हटलं दोन दिवसांत.
अजून गेलो नाही.
रात्री स्कूटरवरून जाताना
चार पेटलेली दिसतात, पाचवं अंधारात,
तिथे नुसत्या तारा.
मागे चैत्राली. म्हणते,
चारांची वही वेगळी असते बाबा.
त्यात रेट आहे.
तो मला कळतो.
आणि टिअर आहे, पण त्याचे उच्चार दोन,
एक म्हणजे फाडणं.
दुसरा ती सांगणार,
तेवढ्यात सिग्नल सुटला.