कलम सात

तुरगुत वजनकाटे दुरुस्त करतो.
कार्सहून परतला, की त्याचा फॉर्म माझ्या टेबलावर.
बसचं तिकीट, आहे.
हॉटेल एक रात्र, शिक्क्यासकट.
दुसऱ्या रात्रीपुढे मात्र गिचमिड अक्षर:
‘बर्फानं रस्ता बंद. चीजवाल्या सेहेर हनुमकडे झोपलो.
मसुराचं सूप, भाकरी,
निघताना त्यांच्या मुलाचे लोकरी मोजे.
पैसे घेईनात.’

विचारलं होतं का कुणी?
गप्प बसता तर भत्ता अख्खा मिळता.

यजमानानं जेवू घातल्यास
एक तृतीयांश वजा.
केला मी. शेवटच्या कुरुशापर्यंत.

मोज्यांबद्दल कलमात काही नाही.
कायसेरीतही आज बर्फ पडतोय.
तो खिडकीशी वाकून सही करतो,
बुटांतून डोकावतात ते,
एक जरा आखूड.