फळीचा कोन

ताळगावच्या पठारावर, प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत
मी सुईतून एक थेंब सोडते
फळीच्या बोटभर ढलप्यावर.
पाच मायक्रोलिटर, भिजून फुगलेल्या मोहरीएवढा.
पडद्यावर त्याची सावली उभी राहते,
काळी, गरगरीत, कडेला आत दुमडलेली.
तिथं रेघ ओढते. कोन वाचते.
एकशे चार.

ढलपा बाबांच्या होडीचा.
केरीला, तेरेखोलच्या मुखाशी, ती वाळूत उपडी आहे.
पटाशीनं दोन तुकडे काढून दिले त्यांनी, कुरकुरत.
दर वर्षी शिगमा सरला की
ते काजूच्या टरफलांचं काळं तेल तळाला फासतात,
आधी हातांना खोबरेल चोळून.
तरी बोटांची सालं निघतातच.
आई त्या आठवड्यात ताटात चमचा ठेवते
आणि बाबा त्याच्याकडे
न सांगता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघतात.

विद्यार्थ्यांना मी सांगते:
पाणी पाण्याला धरून असतं.
लाकडानं जास्त ओढलं तर पसरतं,
कमी ओढलं तर आपल्यातच गोळा होऊन राहतं.
सगळं ठरतं कडेला,
जिथं हवा, पाणी आणि लाकूड भेटतात.
मधल्या पाण्याला याची खबरही नसते.

मग तुकडा तिरका करते.
थेंब लगेच घसरत नाही.
पुढून पोट सुटतं,
मागची कड मात्र रंध्याच्या एका ओरखड्याला
धरून बसते.
पुढं एकशे अकरा, मागं बासष्ट.
एकच थेंब, एकच फळी, दोन उत्तरं,
आणि दोन्ही वहीत लिहायची.

बाबांची रीत अशी:
तेल वाळलं की खाऱ्या पाण्याचा शिंतोडा,
गाल जवळजवळ फळीला टेकवून,
एक डोळा मिटून
थेंबाकडे आडवं बघायचं.
‘उठून बसलाय,’ म्हणायचं.
नाहीतर, ‘निजला. आणखी एक हात.’

आज दुसरा ढलपा लावला, सुकाणूजवळचा.
थेंब पडला, थरथरला,
पाय पसरत गेला.
अठ्ठेचाळीस.
तीनदा मोजलं. फोन केला. आकडा सांगितला.
पलीकडे वारा, एक कुत्रं,
मग बाबा:
‘ते राहू दे गो. बसलाय की निजला?’

मी पडद्याकडे पाहिलं,
मान वाकडी करून, एक डोळा मिटून.
‘निजतोय,’ म्हटलं.