केवढ्याले जी?

मांढळच्या बाजारात ताडपत्री अंथरली
की मी आधी मोठा बैल मांडते.
तो विकायचा नसतो.
अडीच फूट, सागवानी, गळ्यात खरी घुंगरमाळ.
त्याचा भाव ऐकून लोक मागे सरकतात
आणि मग वीतभराचा साडेतीनशेला
स्वस्त वाटतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
पंधरा पोळे उन्हात बसले, तेव्हा कळलं.

दसाराम घडवतो, मी विकते.
त्याला बोलता येत नाही असं नाही,
पण कुणी म्हटलं, "दीडशेत देता का?"
की तो बैलाकडे बघतो
आणि देऊन टाकतो.
म्हणून त्याला घरीच ठेवते, वाकसापाशी,
शिवणीच्या ढलप्यांत.

शिंगं वेगळी, कान वेगळे,
वशिंडाचा उतार त्याचा अंगठाच जाणतो.
चाकं बाभळीची,
नाहीतर गावच्या गोट्यांवर पोरं एका सकाळीत फोडतात.
डोळे मी काढते.
सगळ्यात शेवटी, पहाटे, श्वास धरून.
हात जरा हलला की बैल भ्यालेला दिसतो
आणि भ्यालेला बैल तान्ह्या पोळ्याला कुणी नेत नाही.
तसे चार आहेत घरी, फळीवर.
स्वयंपाक करताना माझ्याकडे बघत असतात.

"केवढ्याले जी?"
"साडेतीनशे."
"अवो बाई, थो प्लास्टिकचा ऐंशीले भेटून रायला,
अन् त्याच्यात गानं बी वाजते."
माझा वाजत नाही.
मी दोरी ओढून दाखवते.
चाक कुरकुरतं, तेवढंच.

मागल्या वर्षी नागपूरची एक ताई आली.
फोटो काढले, बैलांपेक्षा माझ्या बोटांचे जास्त.
म्हणाली, वस्तू विकू नका, गोष्ट विका.
वीस बैल नेले प्रदर्शनाला.
अकरा गेले, नऊ परत आले,
एकाचं शिंग मोडून,
आणि सगळ्यांच्या गळ्यात सुतळीने बांधलेलं लेबल:
आदिवासी कला.
आम्ही सुतार.
दसाराम दोन दिवस हसत होता.
लेबलं मी टाकली नाहीत.
मागची बाजू कोरी आहे, उधारी लिहायला बरी पडते.

उन्हं कलली तेव्हा वेलतूरचे डोमाजी आले.
पिशवीतून बैल काढला.
रंग गेलेला, शेपटी नाही, तीनच चाकं,
पोटाखाली पटाशीचे दोन टोचे,
माझ्या सासऱ्याची खूण.
"माह्या पोराचा होता. आता नातवाले पायजे.
चाक तेवढं बसवून देता का?"

चाळीस वर्षं.
सासरा म्हणायचा, माल असा करावा की नाव निघालं पाहिजे.
नाव निघालं.
गिऱ्हाईक मात्र तेव्हाचं गेलेलं, आज आलं,
तेही चाकापुरतं.
प्लास्टिकचा बोजारा खर्चायच्या आत मोडतो,
दर वर्षी पुन्हा ऐंशी.
चाळीस वर्षांचे बत्तीसशे होतात.
सासऱ्याने किती घेतले असतील?
पंधरा?

चाकाचे तीस म्हणाले. ते वीसवर अडले.
पंचवीसवर आलो,
आणि खिळा ठोकताना दिसलं,
डोळा पुसून गेलाय.
ब्रश पिशवीतच होता.
भर बाजारात, पाठीला लोकांचे गुडघे लागत असताना
काढला.
हात हलला नाही.

"याचे किती?"
"याचे नाही जी.
पन रंग वाळू द्या, तासभर इथंच राहू द्या."

काळा रंग उन्हात दहा मिनिटांत वाळतो.

डोमाजी चहाला गेले.
मी त्यांचा बैल मोठ्याच्या पुढे मांडला, अगदी पुढे,
ढलपी निघालेली बाजू लोकांकडे करून.
"चाळीस वर्साचा आहे, हात लावून पाहा."
पोरं वाकली. मागून त्यांच्या आया वाकल्या.
"हा केवढ्याले जी?"
"हा दुसऱ्याचा आहे.
हा घ्या, त्याच घरचा.
चारशे."