मोजू नको

रात्रीचा दीड. वडगावात शेजारचे माग केव्हाच थांबलेत,
लॅपटॉपचा पंखा अजून गरगरतोय.
कर्नलचं बिल्ड चौथ्यांदा पडलं.

कंपायलरला सांगितलं होतं, आधी मोज.
कुठल्या वाटेनं किती वेळा जातात ते नोंदव,
मग वर्दळीच्या वाटा जवळ आण, बाकीच्या टाक अडगळीत.
त्यानं फाट्याफाट्यावर मोजणीदार बसवले.

एका फाइलशी अडलं.
ती कर्नलचीच, पण राहते पलीकडं,
वापरणाऱ्याच्या हद्दीत. किती वाजले विचारलं
की सांगते, तेवढंच काम.
तिथल्या मोजणीदाराला वही सापडत नाही.
वही अलीकडं, कर्नलच्या कपाटात.
लिंकर म्हणतो, या नावाचं इथं कुणी नाही.

गोकाकला इराण्णाला फोन लावला.
जांभई देत म्हणाला, "बेडा म्हण की त्याला."
मेकफाइलमध्ये एक ओळ, शेवटी नुसता एन.
त्याचं बेडा, माझं नको.

बिल्ड पुढं सरकलं.
मागच्या जनगणनेत मावशीच्या दारात
मातृभाषेच्या रकान्यावर थांबलेलं पेन आठवलं.
मावशी म्हणाली होती, आधी चहा घ्या.

ती फाइल आता कुठल्याच वहीत नाही.
वेळ मात्र बरोबर सांगते.