घासाघीस

फोनवर भाव सांगायचा नाही.
इदालिनामावशी तोंडाने एवढंच शिकवते,
बाकीचं तिच्या मागे चालत शिकायचं.

हॅमिल्टन. फेब्रुवारी. संध्याकाळचे साडेसहा.
विमा कंपनीचा सहावा मजला रिकामा,
फक्त ब्रॅन्वेल नावाचा व्यवस्थापक, हातात गार कॉफी,
आणि त्याचा एकच प्रश्न:
चौरस फुटाला किती?

मावशी उत्तर देत नाही. बूट काढते.
मोज्यांनी चालत जाते या टोकापासून त्या टोकापर्यंत,
चर्चमध्ये उशिरा आलेल्या बाईसारखी.
मी मागे, टेप आणि वही घेऊन.
लिही, तेल्मो.

नऊ हजार दोनशे. त्यातून तीन हजार वजा,
टेबलांच्या पोटाखालचे,
जिथे पाय पोचत नाही तिथे आपलं यंत्र कशाला.
दाराशी मीठ. रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं,
बुटांच्या तळांना चिकटून सहा मजले चढलेलं,
वाळून पांढरी किनार झालेलं. इथे दोन हात.
लिफ्टपासून कॉफीच्या यंत्रापर्यंत वाट पडलीय,
कुणी न आखता माळावर पडते तशी.
वाटेला धरून चाल, रुंदी घे.
खुर्च्या एकशे चौदा. कोण हलवणार? लिही.
नळ कुठल्या मजल्यावर? रात्री लिफ्ट बंद करता का?
व्हॅन कुठे लावायची?
लिही, लिही.

मग ती ओणवी होते, तळवा टेकते, हुंगते.
नायलॉन, देव पावला.
आणि मांजर?
ब्रॅन्वेल कानापर्यंत लाल. एका हिवाळ्यात
हिशेब विभागाने लपवून पाळलं होतं म्हणे.

खाली व्हॅनमध्ये हीटर लावून
काचा धुरकटेपर्यंत ती आकडे मांडते:
दोन माणसं, दोन रात्री, साबण, डिझेल,
विमा (विमेवाल्यांच्या दारात शिरायलाही लागतोच),
यंत्राचा हप्ता, पंपाचं ते रबर
जे रविवारीच फाटतं.
बेरीज अठरा सेंट.
ती लिहिते सव्वीस.

मी म्हणतो, मावशी, बर्लिंग्टनची पोरं अकरात करतात.

करतात. तुझ्या लाउरेनोकाकानेही केलं होतं.
लग्नाचा हॉल, चौदा हजार फूट, नऊ सेंट.
काम मिळालं म्हणून आम्ही केक आणला होता, बदामाचा.
पाच रात्री घासलं. पाचव्या रात्री त्याच्या गुडघ्यातून
आवाज आला, शिळा पाव मोडावा तसा.
त्या गुडघ्याला वहीत रकाना नव्हता.
आता आहे. त्याला नाव देत नाही मी,
पण आठ सेंट असतात त्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रॅन्वेलचा फोन.
मला वाटलं, आता सुरू होणार घासाघीस,
वीस म्हणेल, बावीसवर तुटेल.
मावशीने फोन माझ्याकडे दिला आणि हात पुसत उभी राहिली.

सव्वीस चालेल, तो म्हणाला.
फक्त खिडकीजवळचं ते टेबल,
जिथे डोरीन बसायची, एकतीस वर्षं,
खाली टाचांचे दोन खळगे आहेत,
तुमच्या वाफेने ते वर उठतील का?

मी मावशीकडे पाहिलं.
थोडे, ती म्हणाली. थोडे उठतील.

मग तेवढी जागा नको, तो म्हणाला.
तेवढी सोडा.

फोनवर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
मागे कुठलातरी प्रिंटर कागद ओढत होता.

मावशीने वही ओढली.
दोन बाय दोन. चार फूट वजा.
एक डॉलर चार सेंट.
मी म्हणालो, एवढ्याशासाठी कशाला, राहू दे.
तिने ऐकलं नाही.
बिलावर ती वेगळी ओळ माझ्याच हस्ताक्षरात आहे,
आणि तिच्यापुढे काय लिहावं हे न सुचून
मी नुसतंच लिहिलं: खिडकी.