बाटली

किबुयेच्या चौकात गाड्या अडल्या
की माझी चूल पेटते.
अडलेला माणूस भाजलेलं केळं घेतो,
धावणारा घेत नाही.
एवढं गणित मला शाळेत न जाताही येतं.

काग्वाचं गणित वेगळं.
रात्री तो श्वास मोजतो,
मी त्याच्या बरगड्या.
आई, छातीत कुणीतरी शिट्टी वाजवतंय, म्हणतो,
हसायला जातो
आणि खोकला ते हसू गिळून टाकतो.

सिस्टर अपियोनं विचारलं,
रस्त्यापासून घर किती पावलं?
मी म्हटलं, ट्रक वळला की भांडी वाजतात, तेवढी.
तिनं लिहून घेतलं.
काय लिहिलं असेल, पावलं की भांडी?
शेगडीचा धूरही कमी कर, म्हणाली.
मी मान हलवली.
मग पंप हातात दिला.
नुसता तोंडात मारलास तर औषध जिभेवरच राहतं,
मधे नळकांडं लागतं, आणि ते महाग.
पाण्याची रिकामी बाटली आण. अर्ध्या लिटरची.

बाटल्यांना काय तोटा!
गाडीची काच खाली होते, बाटली पडते,
काच वर जाते.
आत गारवा, बाहेर आम्ही.
एक उचलली, अजून थंड होती.
साबणानं धुतली.
अपियोनं तार लाल होईस्तोवर तापवली,
बुडाला भोक पाडलं, पंप बसवला.
काग्वानं दुसऱ्या टोकाला ओठ लावले.
एमू, बिरी, सातू...
दहापर्यंत.
बाटलीत इवलासा ढग झाला
आणि माझ्या लेकरात शिरला.

मार्चमध्ये दोन दिवस रस्ता बंद होता,
कुणी मोठा पाहुणा यायचा होता म्हणे.
चौक इतका मोकळा
की एक मराबू करकोचा मधोमध चालत गेला,
सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.
त्या दोन्ही रात्री काग्वा गाढ झोपला.
शिट्टी नाही. काही नाही.
जागी होते ती मी,
आणि टोपलीत काळी पडत चाललेली
चाळीस केळी.

तिसऱ्या दिवशी पहाटे हॉर्न वाजला
आणि मला बरं वाटलं.

हे मी अपियोला सांगितलेलं नाही.
काग्वालाही नाही.
त्यानं बाटलीवर खिळ्यानं नाव कोरलंय,
शाळेत कुणी रिकामी समजून
फेकून देऊ नये म्हणून.