पुतळा क्रमांक सात

रूळ कड्यापाशी संपतात.
पुढे नुसती हवा, आणि तिच्या तळाशी मी,
जुनिपरच्या वीतभर सावलीत पाय आखडून.
माझं काम सोपं आहे.
वरून जे पडेल ते उचलायचं.

याच दरीत आधी मेंढरं वळायचो.
थेरननं नोकरी देताना विचारलं, वजन उचलवतं का?
म्हटलं, पाय मोडलेली मेंढी खांद्यावर टाकून
सहा मैल चाललोय, बर्फातून.
त्यानं कागदावर लिहिलं: उचलवतं.

आवाज मागाहून येतो.
आधी कड्याच्या काठावर एक पांढरा ओरखडा,
मग आकाशात एक खुर्ची,
बुडाखाली जाळ
आणि वर माणूस, ऐटीत,
जणू न्हाव्याकडे दाढीला बसलाय.
मग गडगडाट पोचतो. जमीन दातांत वाजते.
मी छत्री उघडायची वाट बघतो.

चार नंबरची उघडली नाही.
चार नंबर दोन दिवस वेचत होतो.
डावा हात अजून सापडलेला नाही.
कोयोटीनं नेला असेल,
आणि रबर चावून आम्हाला शिव्या घातल्या असतील.

पुतळ्यांचे कपडे आर्डिथ शिवते, माझी बायको.
कंपनीच्या नकाशात छातीवर खिसा नाही.
ती लावते.
कशाला, म्हणून एकदाच विचारलं.
मशीन थांबलं नाही.

तिचा भाऊ लेलँड विमानातून असाच सुटला होता,
जुन्या खुर्चीतून. तिच्यात रॉकेट नव्हतं,
तोफेसारखा एक बार,
सगळा जोर एका ठोक्यात.
विमान वाळूत गेलं. लेलँड वाचला.
दोन मणके वाचले नाहीत.
खुर्चीनं त्याला सोडवलं
आणि खुर्चीतच ठेवलं.
हे वाक्य माझं नाही, त्याचंच.
पाहुण्यांना सांगतो, हसतो,
आणि आर्डिथ उठून उगाच चुलीवर कॉफी ठेवते.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी म्हणाला, मला घेऊन चल.
दरीत चाकं चालत नाहीत.
मी त्याला पाठीवर घेतला.
मेंढीपेक्षा हलका होता. ते मी बोललो नाही.
जुनिपरला टेकवून बसवला, मांड्यांवर घोंगडी.
त्यानं घड्याळ काढून हातात धरलं.

सात नंबर.
ओरखडा. खुर्ची. जाळ.
या वेळी खुर्ची उसळली नाही,
उचलली गेली.
बाळाला पाळण्यातून काढताना
मानेखाली हात घालतात ना, तसा काहीसा जोर,
पुरता, लांबवलेला.
माझा अंदाज. मी काही इंजिनिअर नाही.
आणि छत्री. नारिंगी. पूर्ण.

गडगडाट आला, गेला.
लेलँड घड्याळाकडे बघतच नव्हता.
म्हणाला, "किती वेळ जळलं ते?"
थेरनच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं:
"अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी."
"मला त्याच्या दहावा हिस्साही मिळाला नाही," तो म्हणाला.
कुरकुर नव्हती. दुकानदार हिशेब सांगतो तसं.

सात नंबर सेजच्या झुडपात बसलेला सापडला,
पट्टे घट्ट, मान सरळ, डोक्यावर लाल धूळ.
पाठीतल्या यंत्राचा आकडा वर जाऊन वाचायचा असतो,
तो मला कधी कोणी सांगत नाही.
पण खिशात काहीतरी टोचलं.
घडी घातलेला रुमाल होता,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्यात एल.
रुमालात बडीशेपेची एक गोळी.

गोळी मी लेलँडला दिली.
त्यानं ती गालात ठेवली आणि बराच वेळ
वर बघत राहिला, जिथे आता काही नव्हतं.

मग दोघंही न्यायचे होते,
आणि पाठ माझी एकच.
"त्याला आधी ने," लेलँड म्हणाला.
"त्याची वाट बघतायत."